मोठ्या बाईंच्या जबड्यातली किल्ली

चिरंजीव धाकट्यास,

थोरल्या भावाचे अनेक आशीर्वाद. (दोन वर्षांचे साठलेले आहेत, एकदम पाठवतो आहे. पुरवून वापर.) आम्ही सर्व इकडे खुशाल आहोत, तुमची खुशाली कळवावी, असं पत्राच्या सुरुवातीला लिहायचं असतं म्हणून लिहिलं, खरं म्हणशील तर मी खुशाल नाही, माझ्यामुळे तुझी वहिनी खुशाल नाही, आणि आम्हा दोघांमुळे गावातली वीसेक प्रतिष्ठित माणसं आठवडाभर सूप पिऊन दिवस काढताहेत. तुझी पाठ कशी आहे? मेणावर वाकून काम करताना ताठ बस, ताठ बस म्हणून मी घसा कोरडा करायचो, तू कधी मनावर घेतलं नाहीस, आता भोग. (तब्येतीची चौकशी करताना चुका काढायच्या नसतात, असं तुझी वहिनी म्हणते आहे. ती हे पत्र वाचत नाहीये. ती फक्त माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून उभी आहे.)

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर गैरसमज नको. हे पत्र समेटाचं नाही. मी मोठा आहे, भांडण तू सोडून गेलास, तेव्हा नमतं घेण्याचा प्रश्न माझ्या बाजूने उद्भवत नाही. हे निव्वळ कामाचं पत्र आहे, आणि काम काय ते योग्य जागी येईलच. तुला सगळं माहीत आहे तरी पहिल्यापासून लिहितो, कारण आपल्या पश्चात हे कुणाच्या हाती लागलं तर दोष कोणाचा होता याबद्दल शंका राहू नये.

तर, आपली कवळ्यांची कार्यशाळा. बाहेरची खोली गिऱ्हाइकांची, आतली कामाची, आणि मधल्या भिंतीला खालपासून वरपर्यंत फळ्या, त्यांवर गावभरचे जबडे, प्लास्टरचे, ओळीने मांडलेले. तू दात बसवायचास आणि बाकी सगळं मी करायचो, म्हणजे मुख्यतः तू बसवलेल्या दातांना नावं ठेवायचो. ज्यांच्या वर्गात आपण दोघांनी बाकावर उभं राहून बालपण काढलं, त्या शाळेच्या मोठ्या बाई एके दिवशी तोंडावर रुमाल धरून आपल्याकडे आल्या आणि तू त्यांची कवळी केलीस. झकास केलीस, मी कधी नाही म्हटलं? फक्त वरच्या रांगेतला डावीकडचा दुसरा दात तू किंचित तिरका बसवलास. मी म्हटलं, सरळ कर. तू म्हणालास, बाईंचा खरा दात तसाच होता. त्या हसायच्या तेव्हा आधी तो दात बाहेर यायचा आणि मग बाई. मी म्हटलं, बाई हसायच्या कधी? तू म्हणालास, मी गणितात पहिल्यांदा पास झालो तेव्हा. यावर मी कामगारांसमोर जे बोललो ते पुन्हा लिहीत नाही, तुझ्या लक्षात असणारच. थोडक्यात, ज्याला सरळ आणि तिरकं कळत नाही त्याने दुसऱ्यांच्या तोंडाला हात लावू नये, असा त्याचा आशय होता. तू हातातलं मेण टेबलावर ठेवलंस, हात धुतलेस आणि गेलास. बाईंची कवळी तशीच तिरकी गेली, कारण ती सरळ करायला तुझ्याशिवाय कुणाचा हात चालत नव्हता. (ते मेण बरेच दिवस टेबलाला चिकटून होतं. मी नंतर खरवडून काढलं. पूर्ण निघालं नाही.)

तुझ्या जागी आम्ही एक कारागीर ठेवला. त्याला आम्ही फूटपट्टी म्हणतो. माणूस सज्जन आहे, वेळेवर येतो, आणि त्याने बसवलेले दात पाहिले की सैनिकांची पलटण उभी आहे असं वाटतं. गिऱ्हाइकं खूश आहेत. त्यांनी तोंड उघडलं की सगळी एकसारखी दिसतात, एवढंच.

आता मुख्य प्रकरण. कवळ्या पोचवायला आपला भोंगा आहेच. (हो, अजून तोच. मिशा पांढऱ्या झाल्या, आवाज जसाच्या तसा.) मागच्या वर्षी मोठ्या बाईंची कवळी घासूनपुसून द्यायची होती, ती घेऊन तो त्यांच्या गल्लीत गेला. बाईंचा पूर्ण पत्ता हातात असताना त्याने घराची घंटा वाजवायची की नाही? नाही. गल्लीच्या तोंडाशी उभा राहून त्याने हाक दिली, की मोठ्या बाईंचे दात आलेत, वरचे आणि खालचे दोन्ही, पॉलिश करून! समोरच्या तीन मजली इमारतीतल्या झाडून साऱ्या खिडक्या उघडल्या. धाकट्या, त्या बाईंचे दात खोटे आहेत हे जगात फक्त आपल्या कार्यशाळेला माहीत होतं. त्या दिवसापासून गल्लीतली पोरंसुद्धा त्यांच्याकडे बघताना आधी तोंडाकडे बघायला लागली. बाईंनी मला पत्र लिहिलं. एकच ओळ होती: "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." तुला ठाऊक आहे, ही ओळ आपण दोघांनी प्रगतिपुस्तकात किती वेळा वाचली आहे. पण या खेपेला खाली पालकांची सही मागितलेली नव्हती, ते मला जास्त लागलं.

त्याच सुमारास तुझी कन्या आमच्याकडे चार दिवस राहायला आली होती. (तू बोलत नसलास तरी ती बोलते, ही तिच्या आईची शिकवण.) ती ज्या कुलूपबंद अक्षरांचं गणित शिकली आहे, ते काय प्रकरण आहे हे मला तोवर कळलेलं नव्हतं; मला वाटायचं, पोरगी बँकेत लागेल. तिला सगळं सांगितलं आणि म्हटलं, आता भिंतीवर पाटीच लावतो, गिऱ्हाइकांची नावं कुणी वाचू नयेत म्हणून. ती हसली. म्हणाली, "काका, पाटी वाचून त्याप्रमाणे वागणारा माणूस मला अजून भेटायचाय. नियम भिंतीवर नको, किल्लीत पाहिजे." मग तिने कॉम्प्युटर मांडला आणि आमच्या सगळ्या धंद्याचे तुकडे केले. गिऱ्हाइकाचं नाव, त्याचा पत्ता, त्याचं म्हणणं आणि त्याचा जबडा, अशा चार गोष्टी वेगळ्या करून प्रत्येकीची अक्षरं अशी घुसळून टाकली की ज्याच्याकडे जी किल्ली, त्याला तेवढंच वाचता यावं, बाकीच्यांना नुसती खिचडी दिसावी. तुझी वहिनी गिऱ्हाइकाला भेटते, तेव्हा तिला नाव आणि त्याचं म्हणणं. फूटपट्टी दात बसवतो, तेव्हा त्याला जबडा आणि त्यावर चिकटलेला आकडा, नाव नाही. भोंग्याला पत्ता, तोही डबा चिकटवून बंद झाल्यावर. आत काय आहे ते त्याला दिसणारच नाही, म्हणजे ओरडणार काय! मी विचारलं, आणि मला? मी मालक. मला सगळं दिसेल ना? तर म्हणाली, तुम्हालाच तर सगळ्यात कमी दिसायला हवं, तुम्ही बोलता फार.

कोणता आकडा कोणत्या नावाचा, हे मात्र कधीतरी जुळवावंच लागणार, नाहीतर माझे दात तुझ्या तोंडात. त्यासाठी तिने तीन मोठ्या किल्ल्या केल्या. किल्ली म्हणजे करंगळीच्या पेराएवढा प्लास्टिकचा तुकडा, कॉम्प्युटरच्या कुशीत खुपसायचा. तीनपैकी कोणत्याही दोन एका वेळी खुपसल्या तरच नाव आणि आकडा जुळतात. एकट्या कुणालाही ते करता येत नाही, आणि एखादी हरवली तरी बाकीच्या दोन असतातच. एक मला दिली, एक तुझ्या वहिनीला. तिसरी कुठे, म्हणून विचारलं, तर ती तिने आधीच तुझ्याकडे पाठवून दिली होती. मी संतापलो. म्हटलं, त्याचा काय संबंध? म्हणाली, तिसरी किल्ली लांब राहणाऱ्या आणि विश्वासाच्या माणसाकडे असावी लागते. लांब हे मला मान्य होतं. मी म्हटलं, ती रद्द कर. म्हणाली, करते की, पण त्यालाही दोन किल्ल्या लागतात, काकूंना विचारा. तुझ्या वहिनीने आपली किल्ली पर्समध्ये टाकली, चेन लावली आणि पर्स घेऊन आत निघून गेली.

खोटं कशाला बोलू, काही महिने झकास गेले. रोज सकाळी आम्ही दोघं नवराबायको आपापली किल्ली लावायचो (लग्नात एवढ्या गांभीर्याने एकत्र उभे राहिलो नव्हतो), त्या दिवशीच्या डब्यांना पत्ते लागायचे आणि भोंगा गल्लोगल्ली नुसतं "पार्सल!" म्हणून ओरडायचा. बँकेच्या साहेबांचे दात खोटे आहेत हे मला धंदा माझा असून कळलं नाही, ते त्यांना शिंक आली तेव्हा कळलं. मोठ्या बाईंनी तर रस्त्यात मला पाहून मान हलवली. अगदी थोडी. पण हलवली.

मग गेल्या आठवड्यात तुझी कन्या पुन्हा उगवली आणि तिने पाहिलं, की माझी किल्ली कॉम्प्युटरच्या शेजारी खिळ्याला टांगलेली आहे आणि वर मी व्यवस्थित अक्षरात "किल्ली" असं लिहून चिकटवलं आहे. तिने जे काही सुनावलं त्यात मला तुझा आवाज ऐकू आला. कुलपाशेजारीच किल्ली टांगायची तर कुलूप काढून फेका, वगैरे. किल्ली अशा जागी ठेवा की कुणी हात लावणार नाही, आणि ती जागा कागदावर लिहून ठेवू नका, असं बजावून ती गाडीला गेली. धाकट्या, मी विचार केला. या कार्यशाळेत कुणी हात लावायला धजणार नाही अशी वस्तू कोणती? उत्तर एकच. मोठ्या बाईंचा जबडा.

हे घडलं तेव्हा बाईंचं काम आमच्याकडे नुकतंच आलेलं होतं. त्यांची कवळी हातातून निसटून बेसिनमध्ये पडली आणि तिचे तुकडे झाले. ते डिंकाने जोडून, पत्र्याच्या बंद डबीत घालून त्या तुझ्या वहिनीकडे देऊन गेल्या आणि नवी करायला सांगितली. त्या जोडलेल्या तुकड्यांवरून फूटपट्टीने प्लास्टरची नक्कल केली (त्यात तुकड्यांचा चुराच झाला) आणि ती आकडा लावून बाकीच्या जबड्यांबरोबर फळीवर गेली. आता नक्कल कोणती, हे मला कळणार कसं? तर दोन किल्ल्या लावून. तुझी वहिनी सकाळी लावलेली आपली किल्ली कॉम्प्युटरमध्येच विसरून दुकानात गेली होती. (ती आता चहा टाकायला आत गेली आहे म्हणून लिहितो. हे तिला कळता कामा नये. तिच्या मते किल्ली विसरण्याचा हक्क या घरात फक्त मला आहे.) मी माझी किल्ली लावली, बाईंचा आकडा पाहिला, फळीवरून तो जबडा उचलला, उलटा धरला, बुडाला पोखरून भोक केलं, किल्ली आत सारली, वर प्लास्टर भरलं आणि असं घोटून काढलं की माझं मलाच कौतुक वाटलं. सांधा शोधून सापडेना. जबडा जागेवर ठेवला. आकडा कागदावर लिहायचा नव्हता, आणि लिहायची गरजही नव्हती. विसरलो तर केव्हाही कॉम्प्युटरमध्ये बघता येणार होता.

किल्ली लावून.

आता तू जिथे बसला असशील तिथे हसून घे, मी थांबतो. तुझी कन्या फोनवर हसली नाही, हे तिला भूषणावह आहे. ती एवढंच म्हणाली, की हा प्रकार तिला पुस्तकात शिकवला होता, पण कुणी प्लास्टर लावून करेल असं वाटलं नव्हतं. मी म्हटलं, तू बनवलंस ना हे सगळं, मग तूच उघड. तर म्हणाली, "काका, मी बनवलं म्हणून मला उघडता आलं असतं, तर ते कुलूप नव्हतं, नाटक होतं." मी मालकाच्या आवाजात बोलून पाहिलं, मोठ्या काकाच्या आवाजात बोलून पाहिलं. पण गणितापुढे डोळे वटारून उपयोग नसतो, त्याला ते दिसत नाहीत.

म्हणून मी स्वतः शोधायचं ठरवलं. सांधा दिसत नव्हता, तेव्हा फोडून बघण्याखेरीज मार्ग नव्हता. आकड्यात एक सात होता आणि एक चार होता, हे मला लख्ख आठवत होतं. त्या हिशेबाने बसणारे सगळे जबडे मी हातोडीने फोडले. नुसती पांढरी धूळ. मग डोकं चालवलं. म्हटलं, मोठ्या बाईंचा जबडा म्हणजे तसाच असणार, रुंद, करारी, वर्गाच्या मागच्या बाकापर्यंत पोचणारा. फळीवरचे सगळ्यात राकट जबडे निवडून फोडले. ते कुणाचे होते कोण जाणे. त्या लोकांना पुन्हा ठसा द्यायला बोलवावं म्हटलं, तर कुणाला बोलवायचं हे समजायला किल्ली हवी. फूटपट्टीने सुचवलं, एक्स-रे काढू. पिशवीत जबडे भरून मी आपल्या दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. पिशवीचा बंद सुटला आणि सगळे जबडे बाहेर बसलेल्या पेशंट लोकांच्या पायांशी गडगडत गेले. डॉक्टरांकडचे अर्धे पेशंट तिथूनच घरी गेले, आणि मला पुन्हा येऊ नका असं सांगण्यात आलं. भोंग्याचं म्हणणं वेगळंच होतं. बाईंची नवी कवळी तर तयार होऊन डब्यात पडलेलीच आहे ना, मग वीसच्या वीस डबे बाईंकडे नेऊ आणि त्यांना एकेक घालून बघायला सांगू. मी म्हटलं, सांगणार कोण? तिथे तो विषय संपला.

आता थट्टा बाजूला ठेवतो, कारण यातली एक गोष्ट थट्टेची नाही. येत्या रविवारी शाळेत जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा आहे. (आमंत्रण तुलाही आलं असेल.) बाईंचं भाषण आहे. शाळा सोडल्यापासून पहिल्यांदाच त्या त्या सभागृहात उभ्या राहून बोलणार आहेत, आणि त्यांनी महिनाभर तयारी केली आहे, हे त्यांच्या शेजारणीने तुझ्या वहिनीला सांगितलं. कवळी आमच्याकडे आल्यापासून त्या दाराबाहेर पडलेल्या नाहीत. मी माफी मागायला गेलो तर दार उघडलं नाही. मी दिलगिरीची चिठ्ठी दाराखालून सरकवली. ती थोड्या वेळाने तशीच परत आली, लाल शाईने तपासून. शुद्धलेखनाच्या तीन चुका, आणि "अनवधानाने" या शब्दाखाली रेघ मारून समासात लिहिलेलं, "कारण पटत नाही." मी दुसऱ्या चिठ्ठीत विचारलं, की बाई, एकदा येऊन पुन्हा ठसा द्याल का? उत्तर आलं: "विद्यार्थ्याने गृहपाठ हरवला म्हणून शिक्षक तो लिहून देत नाही. रविवारपर्यंत दात मिळाले नाहीत तर मी येणार नाही. सभागृहाला तसं कळवावं, कारण सांगू नये." मी जिन्यावर बसून राहिलो. आतून त्यांच्या चालण्याचा आवाज येत होता, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आणि मधूनच पुटपुटल्यासारखं काहीतरी. त्या भाषणाचा सराव करत होत्या, धाकट्या. दातांशिवाय. एकही शब्द कळत नव्हता. मला फार वाईट वाटलं. एकदा गल्लीसमोर आम्ही त्यांची लाज घालवली, आणि आता लाज राखण्यासाठी केलेल्या बंदोबस्ताने त्यांचं तोंडच बंद केलं.

असो. पत्र लांबलं. वयाप्रमाणे ज्याला जे द्यायचं ते आशीर्वाद आणि नमस्कार घरात वाटून टाक. पाठीला शेक घे.

तुझा,
थोरला

ता. क. कामाचं राहिलंच. तिसरी किल्ली तुझ्याकडे आहे. ती भोंग्याच्या हाती पाठवून चालणार नाही, तुझ्या कन्येने तेही करून ठेवलं आहे. किल्ली लावताना ज्याला त्याला आपल्या बोटाचा ठसा द्यावा लागतो. मी तिला म्हटलं, तूच बाबांना सांग. म्हणाली, नियम असा आहे, की ज्याला उघडायचंय त्याने स्वतः विचारायचं. (हा नियम किल्लीत नाही, तिने त्याच क्षणी केला असा मला दाट संशय आहे.) तेव्हा विचारतो. शनिवार दुपारपर्यंत ये, किल्ली लाव, चहा घे आणि हवं तर लगेच परत जा. समेट वगैरे काही नाही.

ता. क. २. पाकीट चिकटवण्याआधी पत्र एकदा वाचून काढावं म्हटलं, आणि वाचता वाचता ताडकन उठलो. तिरक्या दाताचं मी स्वतःच वर लिहिलंय की! फूटपट्टीने नक्कल केली ती तू केलेल्या कवळीची. मी जबडा उलटा धरला होता म्हणून तेव्हा दिसलं नाही, आणि नंतर करारी जबडा शोधत बसलो. या खेपेला फळ्यांवरून नुसती नजर फिरवत गेलो, वरची रांग, डावीकडचा दुसरा दात. सरळ, सरळ, सगळे सरळ, आणि एका कोपऱ्यात तुझा तिरका. इतकासा जबडा, धाकट्या. माझ्या मुठीत मावला. आपल्याला उगीच मोठा वाटायचा. फोडला, किल्ली निघाली, कॉम्प्युटर उघडला. (आकड्यात सात नव्हता. चारही नव्हता.) बाकी सगळ्यांचे दात घेऊन भोंगा आता निघेलच, त्याच फेरीत तुझ्या गावची गाडी पकडून तो हे पत्र आणेल. तेव्हा तुझ्या किल्लीची आता गरज नाही.

पण बाईंचा डबा उघडला तर आत पलटण. बत्तीस सैनिक सरळ उभे. फूटपट्टीची चूक नाही, आमच्याकडे नियमच तो, आणि नियम माझा. मग तुझ्या वहिनीने आपल्या किल्लीने बाईंचं म्हणणं उघडून दाखवलं. ते वाचण्याची परवानगी फूटपट्टीला नव्हती आणि मला तर नव्हतीच. बाईंनी सांगितलं होतं: "हुबेहूब जुन्यासारखी. विशेषतः डावीकडचा दुसरा दात. तो धाकट्याने बसवला आहे, तो सुधारायचा नाही." फूटपट्टीने तो दात तिरका करून पाहिला, तर पडल्यासारखा दिसतो. मी करून पाहिला. दिवसभर करत होतो. दात तिरका होतो, पण बाई बाहेर येत नाहीत. तेव्हा किल्ली आण किंवा नको आणूस, हात घेऊन ये. टेबलावर तुझ्या मेणाचा डाग अजून आहे, तिथे मी कुणाला बसू दिलेलं नाही. मला तुझ्याशिवाय करमत नाही, हे लिहून टाकतो, कारण तुझ्या वहिनीचा चहा अजून उकळायचा आहे.

ता. क. ३. पत्र आता पक्कं बंद करतो आहे, वर फक्त तुझं नाव असेल, आणि आत काय ते भोंग्याला मी सांगितलेलं नाही. पण तुझ्या वहिनीने सांगितलं. चहा उकळत नव्हता, ती दाराआड उभी राहून ऐकत होती. लिहिताना मी पुटपुटतो म्हणे. म्हणजे तू हे वाचेपर्यंत त्याने तुझ्या गल्लीच्या तोंडाशी उभं राहून, साऱ्या खिडक्यांना ऐकू जाईल असं ओरडून सांगितलेलं असेल, की थोरल्याने धाकट्याला घरी बोलावलंय, दात तिरका बसवायला. मी त्याला तोंड बंद ठेव असं बजावायला दारापर्यंत गेलो होतो. मग म्हटलं, ओरडू दे.